चूल कोणाच्या धान्यावर पेटते?

(परभणी जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



दिवाळी सरली की आपल्या गंगाखेड भागातील कित्येक घरांना कुलूप लागते. नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. पोर मागे ठेवावे तर त्याला भाकर कोण घालणार? सोबत न्यावे तर शाळा बुडते. सबब, अशा पोराला नुसती शाळा पुरत नाही. शाळेजवळ निजायला जागा आणि दोन वेळचे अन्न लागते. यालाच बोर्डिंग म्हणतात.

विलायतेत ईटन येथे सहाव्या हेन्री राजाने १४४० साली ७० गरीब मुलांकरिता मोफत शाळा काढली. पुढे तीत फी भरणारी श्रीमंतांची मुले शिरली, आणि ती उमरावांची शाळा म्हणून जगभर गाजली. गरिबाच्या नावाने लावलेल्या झाडाची फळे धनिकाने खाल्ली!

आपल्याकडे छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगे उघडून खेड्यातल्या पोरांना शहरात आसरा दिला. ती बहुतेक जातवार होती. त्यांतल्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातींची व धर्मांची मुले एका पंक्तीला जेवत. स्वयंपाक तीच करीत, लाकडे तीच फोडीत, शेतातही राबत. गावोगावची रयत धान्य देई. अडचणीच्या वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगास शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

मंडळी, यातले मर्म ओळखा. ज्याच्या धान्यावर चूल पेटते, त्याचेच ते घर होते. रयतेची पायली आणि पोरांचे श्रम यांवर साताऱ्याचे बोर्डिंग उभे राहिले, म्हणून ते रयतेचे राहिले.

तेव्हा सरकारी वसतिगृह मिळेल तेथे ते हक्काने घ्या. पण तेवढ्यावर स्वस्थ बसू नका. सुगीला दर घरामागे पायलीभर ज्वारी काढा, सुताराने दारे-खिडक्या द्याव्या, गवंड्याने चार दिवस द्यावे. हिशेब चावडीवर वाचा. जातीची वेगळी पंगत बसू देऊ नका. आणि मुलींना विसरू नका. कोयता त्यांच्याही हाती येतो!