कचऱ्याचा मालक कोण?



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्या नावावर ना शोध आहे, ना पेटंट. डिस्टिलरीतल्या नोकरीत अंगात मुरलेला मळीचा वास, एवढीच माझी कमाई. म्हणून मळीपासूनच सुरुवात करतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा मळी ही डोकेदुखी होती. टाक्या भरल्या की ती कच्च्या खड्ड्यांत सोडायची. पावसाळ्यात खड्डे वाहू लागले की ओढ्याकाठचे शेतकरी भांडायला यायचे, आणि त्यांचे चुकत नव्हते. आज तिच्यापासून होणाऱ्या इथेनॉलचा दर केंद्र सरकार ठरवते. मळी तीच आहे. भाव आला आणि तिला कुणी कचरा म्हणेनासे झाले. मला आज सांगायचे आहे ते यातूनच निघते. शेतातल्या ज्या वस्तूला आपण कचरा म्हणतो, तिला बहुधा आधीच कुणीतरी मालक असतो. त्याला न विचारता उभारलेला इंधनाचा कारखाना उपाशी राहतो.

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला जानेवारी २००३ मध्ये काही राज्यांत सुरुवात झाली. १० टक्के गाठायला जून २०२२ उजाडले आणि पुढच्या तीनेक वर्षांत आपण २० टक्क्यांवर पोहोचलो. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण हे इथेनॉल आले कुठून? ऊस, तांदूळ आणि मक्यातून. म्हणजे बरेचसे माणसांच्या ताटातून आणि जनावरांच्या गव्हाणीतून. एक टन उसाची सगळी साखर काढून उरलेल्या सी हेवी मळीतून जेमतेम १० ते ११ लिटर इथेनॉल मिळते. साखर न करता रसच आंबवला तर सुमारे ७० लिटर. मोह कुणाला होणार नाही? पण २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल अशी धास्ती वाटू लागली आणि ७ डिसेंबरला रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात ती सैल झाली खरी. पण साखर आणि पेट्रोल यांत निवड करायची वेळ आली की कोण हरते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

म्हणून सगळ्यांची नजर आता पेंढ्याकडे आणि चिपाडाकडे वळली आहे. पेंढ्यातही साखरच आहे. ती सेल्युलोजच्या साखळीत गुंफलेली आणि वरून लिग्निनचा गिलावा दिलेली, एवढाच फरक. १८१९ मध्ये फ्रान्सच्या ब्राकोनो यांनी चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून साखर काढून दाखवली होती. आम्लाचे हेच काम एक बुरशीही करते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. ते कुजवणारी बुरशी होती ट्रायकोडर्मा. सेल्युलोज तोडणारी विकरे आज मोठ्या प्रमाणावर तिच्याच वाणांपासून तयार होतात. तिच्या भावंडांची पुडी आपला शेतकरी कृषी सेवा केंद्रातून आणतो आणि बियाण्याला चोळतो. पुडीवरचे हे नाव इंधनाशीही जोडलेले आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

१० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. आराखड्यानुसार वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल. भागून पाहा, टनाला १५० लिटर! उसाच्या रसाच्या दुपटीहून अधिक. अर्थात पेंढा वाळलेला असतो आणि उसात सत्तर टक्के पाणी, हे विसरू नये.

मग असे कारखाने जिल्ह्याजिल्ह्यांत का नाहीत? विकरे महाग आहेत, असे माझे तरुण सहकारी म्हणतील. ते खरेच आहे. मला मात्र त्याहून मोठी अडचण बांधावर दिसते. पेंढा निघतो तीन-चार आठवड्यांत आणि यंत्र चालवायचे बारा महिने. पेंढा वजनाला हलका, त्यामुळे ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजनकाट्यावर आकडा फारसा चढत नाही. गंजीला आगीची भीती, शिवाय अवकाळी पावसाची.

आपल्याकडे तर या ‘कचऱ्या’चे वाटेकरीही पुष्कळ. पऱ्हाटी आणि तुराटी मजुराच्या चुलीत जाते. उसाचे वाढे ऊसतोड मजुराच्या बैलांपुढे पडते आणि उरलेल्या पेंढ्या विकून त्याच्या कोपीत मीठमिरची येते. कडब्याला दुष्काळात ज्वारीपेक्षा जास्त मान असतो. पाचट सरीत कुजवले तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. यातले काय उचलायचे आणि किती, हे प्रयोगशाळेत ठरत नाही.

मोगली एरंडाची आठवण ठेवा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवडिझेलसाठी त्याच्या लागवडीची शिफारस केली. पडीक जमिनीवर पाण्याखतावाचून पीक येईल, असा भरवसा होता. झाडे जगली, पण कारखान्याला पुरेल इतके बी त्यांनी दिले नाही. शिवाय कागदावर पडीक असलेली जमीन बऱ्याचदा गावाचे गायरान असते.

कच्च्या मालाच्या मालकाला विचारायचे, तसे ग्राहकाशीही आपण खरे बोलले पाहिजे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. इथेनॉलच्या चढ्या ऑक्टेनचा लाभ योग्य इंजिनाला मिळतो, हेही सांगावे. पण लपवू काही नये. विश्वास गेला तर उत्तम इंधनही पंपावर पडून राहील.

शेवटी अध्यक्ष या नात्याने एकच सूचना करतो. पुढच्या परिषदेसाठी येणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधात आणि प्रकल्प अहवालात एक रकाना वाढवा: हा कच्चा माल आज कोण वापरतो, आणि आपण तो उचलल्यावर तो माणूस, ते जनावर, ती जमीन उद्या काय वापरणार? उत्तर शोधायला विद्यार्थ्यांना हंगामात आठ दिवस उसाच्या फडात आणि कापसाच्या शेतात पाठवा. ज्या निबंधात हा रकाना कोरा असेल, तो वाचनासाठी न स्वीकारता परत पाठवावा.