बिनकामाचं नागपूर

नरखेड तालुक्यातल्या माणसाची नागपूरला जाण्याची कारणं ठरलेली असतात. दवाखाना, कचेरी, लग्नाचा बस्ता, नाहीतर कळमन्याच्या बाजारात संत्र्याची गाडी. बिनकामाचं कुणी निघालं, तर घरचे विचारतात, "काहून बा?"

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं नवऱ्याच्या आजारपणात नागपूरचे वर्षभर खेटे घातले. दवाखान्याची गल्ली आणि औषधाचं दुकान, एवढंच नागपूर तिला ठाऊक. ते बरे झाले, तेव्हा मी म्हटलं, "आता एकदा नुसतंच जाऊ."

शनिवारी नरखेडहून रेल्वे धरली. काटोल, कळमेश्वर मागं पडलं. नागपूरला उतरून आधी तर्री-पोहे खाल्ले. मग १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सावकाश पाहिला. झीरो माइलचा दगडी खांब आणि ते चार घोडे पाहिले. २०१९ साली सुरू झालेल्या मेट्रोत बसलो, सीताबर्डीला गाडी बदलली आणि उगाच फिरलो. संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर कणसं खाल्ली. रविवारी दीक्षाभूमीच्या शांततेत बराच वेळ बसलो. तिथं ती म्हणाली, "इतक्यांदा आली, पण मान वर करून हे शहर पाहिलंच नव्हतं."

मंडळी, आंबिया बहाराची तोडणी आटोपली, की दोन दिवस काढा. खर्च बेताचाच येतो. मात्र घरच्यांनी "काहून?" विचारलं, तर "असंच" म्हणायची हिंमत हवी, आणि सोबत जिवाभावाचं माणूस हवं.