शिस्त कोणाची, प्रतिमा कोणाची?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत शेतीमालाचे भाव, कंत्राटी कामगार आणि पाणीवाटप यांच्या शेजारी 'हॉकी लीग आणि खेळाडूंचे वर्तन' हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. खेळाडूंची भांडणे हा वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाचा विषय, त्याचा आपल्या कामाशी काय संबंध, असा प्रश्न एका सहकाऱ्याने मला सकाळीच विचारला. संबंध आहे. एखाद्या खेळाडूने वाद निर्माण केला की 'खेळाची प्रतिमा डागाळली' असे म्हटले जाते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत संप झाला की 'नाशिकची औद्योगिक प्रतिमा डागाळली' असेही म्हटले जाते. दोन्ही वाक्ये एकाच टाकसाळीतून निघालेली आहेत. म्हणून ती टाकसाळ कोणाची, हे पाहू या.

आपल्याच राज्यातील एका घटनेपासून आरंभ करतो. २०१० च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात भारतीय हॉकी संघाचे सराव शिबिर चालू होते. दिल्लीत भरणारी विश्वचषक स्पर्धा अवघ्या काही आठवड्यांवर आली होती. त्या वेळी शिबिरातील २२ खेळाडूंनी सराव थांबवला. थकलेले मानधन आणि बक्षिसाची रक्कम मिळाल्याखेरीज मैदानात उतरणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांची मागणी लाखांत होती आणि संघटनेने देऊ केले होते प्रत्येकी २५ हजार रुपये. संघटनेचा युक्तिवाद तुमच्या ओळखीचा आहे. देशासाठी खेळताना पैशाची भाषा कशी करता, विश्वचषकाच्या तोंडावर देशाची अब्रू चव्हाट्यावर कशी मांडता, असे त्यांना विचारण्यात आले. निर्वाणीचे इशारे देण्यात आले आणि संघ बदलण्याच्या धमक्याही झाल्या. परंतु खेळाडू फुटले नाहीत. काही दिवसांतच संघासाठी एकूण १ कोटी रुपये देण्याचे मान्य झाले आणि सराव पुन्हा सुरू झाला. त्याच सुमारास भोपाळच्या शिबिरातील महिला खेळाडूंनी काळ्या फिती लावल्या आणि लोकांकडून मदत गोळा करण्यासाठी बँकेत खाते उघडले. देशाच्या संघातील मुलींना वर्गणीचे खाते उघडावे लागले! यात अब्रू कोणाची गेली? खाते उघडणाऱ्यांची, की ते उघडण्याची पाळी आणणाऱ्यांची?

'बेशिस्त' हा शिक्का हॉकीत नवा नाही. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला, मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळ शिकलेला धनराज पिल्ले हा महाराष्ट्राने देशाला दिलेला अव्वल दर्जाचा खेळाडू. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा तो खेळला. त्याच्या नेतृत्वाखाली १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने ३२ वर्षांनंतर सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर काय झाले? पुढच्याच मालिकेसाठी धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना वगळण्यात आले. त्यांना 'विश्रांती' दिली आहे, असा अधिकृत खुलासा झाला. परंतु दैनिक भत्ता आणि सामन्यांचे मानधन अपुरे आहे, असे धनराजने उघडपणे बोलून दाखवले होते आणि ही विश्रांती त्या बोलण्याची शिक्षा होती, असेच हॉकीच्या जगात बहुतेकांनी मानले. धनराज तापट होता, हे त्याचे चाहतेही नाकारणार नाहीत. पण तापटपणाची चर्चा जितकी झाली, तितकी भत्त्याच्या रकमेची झाली नाही. स्वभावाची चर्चा सुरू केली की हिशेबाची चर्चा आपोआप बंद पडते. ही युक्ती कारखान्यातील कामगार पुढाऱ्याला चांगली ठाऊक असते.

आता लीगकडे येतो. भारतात हॉकीच्या व्यावसायिक स्पर्धा टप्प्याटप्प्याने आल्या. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तिच्यात 'मराठा वॉरियर्स' हा आपल्याकडचा संघ होता. २००८ नंतर ती बंद पडली. त्याच २००८ च्या मार्चमध्ये भारतीय संघ ऑलिंपिकची पात्रता गमावून बसला. एप्रिलमध्ये संघनिवडीसाठी पैसे घेताना हॉकी महासंघाचे सरचिटणीस दूरचित्रवाणीच्या छुप्या कॅमेऱ्यात दिसले आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला. भारतीय हॉकीच्या प्रतिमेला त्या काळात बसलेला सर्वांत मोठा धक्का कोणता, असे कोणी विचारले तर माझे उत्तर हे आहे. तो धक्का कोणा खेळाडूच्या रागाने दिलेला नव्हता.

पुढे २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी झाली. पुणे स्ट्रायकर्स तिच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. दोन संघटनांच्या मालकीच्या भांडणातून निघालेली ही स्पर्धा. तिच्यात खेळणारे खेळाडू दुसऱ्या संघटनेच्या लेखी बंडखोर ठरले आणि स्पर्धा संपल्यावर मानधन थकल्याच्या तक्रारी घेऊन तेच खेळाडू दारोदार फिरले. स्पर्धेचा दुसरा हंगाम कधी झालाच नाही. खेळाडूला बंडखोर म्हणणारे पुष्कळ निघाले. त्याचे पैसे बुडवणाऱ्याला बेशिस्त म्हणणारा मात्र मला आढळला नाही.

२०१३ च्या जानेवारीत हॉकी इंडिया लीग सुरू झाली. खेळाडूंचा डॉलरमध्ये लिलाव झाला. 'लिलाव' हा शब्दच पाहा. ज्याची बोली लावता येते त्याला मालकाच्या प्रतिमेची काळजी वाहावी लागते, त्याच्या स्वतःच्या प्रतिष्ठेला कोणी विचारत नाही. या लीगमध्ये ९ पाकिस्तानी खेळाडू आले होते आणि त्यांतील चार मुंबईच्या संघात होते. सीमेवर भारतीय जवानांची हत्या झाली, देशात संताप उसळला, मुंबईत शिवसेनेने निदर्शने केली आणि या सर्व खेळाडूंना परत पाठवण्यात आले. संताप समजण्यासारखा होता. परंतु या ९ जणांच्या वर्तनावर कोणाचाही आक्षेप नव्हता. लीगच्या प्रतिमेसाठी त्यांना जावे लागले.

पुढच्याच वर्षी, २०१४ च्या डिसेंबरात, भुवनेश्वरला चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात पाकिस्तानने भारताला ४-३ असे हरवले आणि त्यांच्या काही खेळाडूंनी अंगातले सदरे काढून प्रेक्षकांकडे पाहत अश्लील हावभाव केले. हे वर्तन निःसंशय निंद्य होते. त्यासाठी नियम होते आणि त्यांचा वापरही झाला. दोन खेळाडूंना अंतिम सामन्यातून बाहेर ठेवले गेले, प्रशिक्षकांनी दिलगिरी व्यक्त केली. दोषी कोण ते ठरले आणि शिक्षा झाली. पण एवढ्याने भागले नाही. लीगचे दार पाकिस्तानच्या समस्त खेळाडूंना बंद ठेवण्यासाठी आता हे कारण पुढे करण्यात आले. या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. पहिलीत दोष नसताना शिक्षा झाली. दुसरीत दोन जणांच्या दोषाची शिक्षा सगळ्यांना झाली. न्यायाची मोजपट्टी सोडून प्रतिमेची मोजपट्टी हाती घेतली की व्यक्ती नाहीशी होते आणि उरतो तो फक्त जमाव आणि जाहिरातदार.

याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. प्रतिमेसाठी निर्दोषाला शिक्षा होते, तशी प्रतिमेसाठी दोषीला पाठीशीही घातले जाते. उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीची लीग ही जगातील अतिश्रीमंत क्रीडासंस्थांपैकी एक. २०१० मध्ये शिकागोच्या संघातील एका तरुण खेळाडूने आपल्याच संघाच्या चित्रफीत-प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. संघ तेव्हा विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. वरिष्ठांची बैठक झाली आणि स्पर्धा संपेपर्यंत काहीही करण्यात आले नाही. संघाने करंडक जिंकला. सत्य अधिकृत अहवालातून बाहेर यायला २०२१ उजाडले आणि संघाला २० लाख डॉलरचा दंड झाला. कॅनडाच्या हॉकी संघटनेचे प्रकरण २०२२ मध्ये उघडकीस आले. लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांत तडजोडी करण्यासाठी या संघटनेने एक निधी ठेवला होता. १९८९ पासून ९ तडजोडींसाठी त्यातून ७६ लाख कॅनेडियन डॉलर दिले गेले होते आणि त्या निधीत गावोगावच्या मुलामुलींच्या नोंदणी शुल्काचा पैसा होता. मोठे पुरस्कर्ते दूर झाले तेव्हा कुठे कार्यकारी मंडळ पायउतार झाले. ज्या २०१८ च्या घटनेमुळे हे सारे बाहेर आले, तिच्यातील पाच खेळाडू २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयात निर्दोष ठरले. तो निकाल आपण मानला पाहिजे. परंतु मुलांच्या वर्गणीतून मौन विकत घेण्याची व्यवस्था त्या निकालाने निर्दोष ठरत नाही.

तेव्हा मित्रहो, 'वादग्रस्त वर्तन' या एकाच पोत्यात कोंबलेल्या गोष्टी आपण वेगळ्या केल्या पाहिजेत. मैदानावरचा संताप, पंचाशी हुज्जत, प्रेक्षकांशी असभ्यता हा खेळाच्या नियमांचा प्रश्न आहे. पंचांचे कार्ड आणि काही सामन्यांची बंदी एवढ्याने तो सुटतो. स्त्रीवर, लहान मुलावर, सहकाऱ्यावर अत्याचार हा गुन्हा आहे. तिथे खेळाडूची कीर्ती, त्याची पदके, त्याचे गरिबीतून वर येणे यांतील काहीही आड येता कामा नये. इथे आपल्यालाही सावध राहिले पाहिजे. खेळाडू कष्टकऱ्याच्या घरातला आहे म्हणून त्याच्या हातून घडलेला अत्याचार आपण सौम्य शब्दांत सांगू लागलो, तर पीडितेच्या बाजूने उभे राहण्याचा आपला हक्क आपण गमावतो. तीही बहुधा कष्टकऱ्याच्याच घरातली असते. आणि वेतन मागणे, संघटना करणे, अन्यायाविरुद्ध बोलणे हा तर हक्क आहे. त्याला वर्तनाचा दोष म्हणणे हाच मुळात दोष आहे.

हे तीन प्रकार मुद्दाम एकत्र केले जातात. २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांनी रस्त्यावर उतरण्याला बेशिस्त म्हटले आणि त्यामुळे देशाची प्रतिमा मलिन होते असे सांगितले. पुढे त्या आंदोलकांना भेटूनही आल्या. परंतु पहिला उद्गार कोणता आला, याला महत्त्व आहे. ज्या बाईने स्वतः धावपट्टीवर देशाचे नाव उंचावले, तिच्याही तोंडी पदावर बसल्यावर प्रतिमेचीच भाषा आली. मी त्यांना एकट्याला दोष देत नाही. ती भाषा त्या खुर्चीबरोबरच मिळते.

यावर उपाय काय? कामगार चळवळीच्या अनुभवातून एक गोष्ट सांगतो. मालक मनाला येईल तेव्हा कामगाराला 'उद्या येऊ नकोस' म्हणत असे, तो काळ आपल्यातील वृद्धांना ऐकून ठाऊक आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने त्याला वेसण घातली. गैरवर्तन म्हणजे काय ते लिहून काढले गेले. आरोपपत्र आले, खातेचौकशी आली, बाजू मांडण्याची संधी आली आणि पुढे निलंबनकाळात निर्वाहभत्ताही आला. शिस्त गेली नाही, मनमानीला आळा बसला. खेळाडूला हे संरक्षण कुठे आहे? २०१५ मध्ये गुरबाजसिंग या अनुभवी खेळाडूवर संघात बेबनाव माजवल्याचा ठपका ठेवून ९ महिन्यांची बंदी घालण्यात आली. ठपका संघटनेच्या प्रशिक्षकाचा, समिती संघटनेची, शिक्षा संघटनेची. दाद मागायला त्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो दोषी होता की नव्हता, हा येथे प्रश्न नाही. फिर्यादी आणि न्यायाधीश एकाच घरात राहत होते, हा प्रश्न आहे.

२०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात क्रीडा न्यायाधिकरण, खेळाडूंची समिती आणि सुरक्षित क्रीडा धोरण यांची तरतूद आहे. तिचे आपण स्वागत करावे आणि अंमलबजावणीवर डोळा ठेवावा. पण मानधनाबाबत एकत्रितपणे बोलणी करू शकेल अशी खेळाडूंची स्वतःची संघटना कायद्याच्या पोटातून जन्माला येत नाही. ती उभी करावी लागते. बालेवाडीतल्या २२ जणांनी ती काही दिवसांपुरती उभी केली होती. कागदावर तिचे नाव नव्हते, तरी ती होती.

शेवटी आपल्या जिल्ह्याविषयी. २०२४ च्या डिसेंबरात हॉकी इंडिया लीग सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्या आठ पुरुष संघांत महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ नव्हता. त्याचे मला फारसे दुःख नाही. मला काळजी आहे ती सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या आश्रमशाळांतून पुढे येणाऱ्या मुलामुलींची. सावरपाड्याच्या कविता राऊतने तिथल्या पायांत काय बळ आहे हे देशाला दाखवले आहे. अशी मुलगी जेव्हा शिबिराला जाते, तेव्हा तिच्याकडून कोणत्या कागदावर सही घेतली जाते, भत्ता किती ठरतो आणि किती हातात पडतो, प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार करायची झाली तर कोणाकडे जायचे, हे आपल्यातील किती कार्यकर्त्यांनी विचारले आहे? हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सामना पाहायला आपण जातो. त्याच्या पलीकडे तंबूत काय चालते, हे विचारणे हे आपले काम आहे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने जवळच्या एका शाळेत, एका क्लबात एवढे तीन प्रश्न विचारावेत, ही माझी विनंती आहे.

आणि पुन्हा कधी कोणी तुम्हाला सांगितले की अमुक खेळाडूमुळे खेळाची प्रतिमा डागाळली, तर त्याला शांतपणे विचारा : त्याने कोणाला इजा केली? केली असेल तर आपण त्या इजा झालेल्याच्या बाजूला उभे राहू. आणि कोणालाच इजा न करता त्याने फक्त आपला पगार मागितला असेल, तर आपण त्याच्या बाजूला उभे राहू.