उद्योजकांचे उत्तरदायित्व आणि बदलते हवामान



उद्योगधंद्याचा हिशेब वर्षाअखेरीस ताळेबंदात मांडला जातो. भांडवल किती गुंतले, माल किती खपला, भागधारकांना लाभांश किती मिळाला, हे त्यातून कळते. परंतु धुराड्यातून आकाशात काय गेले, नाल्यातून नदीत काय मिसळले, कारखान्यामागे कशाचा ढीग साचला, याची नोंद त्यात बहुधा नसते. नोंद नाही म्हणून खर्च टळत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी बसतो. कोळसा व खनिज तेल जाळून नफा मिळविणारा एक आणि पावसाचे वेळापत्रक बिघडल्यामुळे दुबार पेरणी करणारा कोरडवाहू शेतकरी दुसरा, हीच हवामानबदलाची खरी व्यथा आहे.

न मांडलेला हिशेब किती काळ मागे लागतो, याचे उदाहरण इंदूरच्या परिसरातच घडले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कारखाना बंद झाला, पण त्याचा घातक कचरा तेथेच पडून राहिला. चाळीस वर्षांनंतर, जानेवारी २०२५ मध्ये, सुमारे ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक वसाहतीत जाळण्यासाठी आणण्यात आला. तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला. पुढे न्यायालयाच्या आदेशानुसार तो जाळण्यात आला. नफ्याचे वाटेकरी कधीच पांगले होते. चिंता मात्र दुसऱ्याच गावाच्या वाट्यास आली.

याच इंदूर शहराने या प्रश्नाची दुसरी, आशादायक बाजूही दाखविली आहे. होळकरांची राजधानी म्हणून मराठी माणसास जवळचे असलेले हे शहर २०१७ पासून राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सलग सात वेळा प्रथम आले. सातव्या वेळी, म्हणजे २०२३ च्या सर्वेक्षणात, सुरत शहर त्याच्या बरोबरीस होते. देवगुराडिया येथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. तेथेच ओल्या कचऱ्यापासून वाहनांचे इंधन तयार करणारा प्रकल्प उभा राहिला आणि १९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. दररोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७ हजार किलो सीएनजी व १०० टन सेंद्रिय खत निर्माण करण्याची त्याची क्षमता आहे.

ग्रामीण बंधुभगिनींना यातील शास्त्र नवे नाही. गोबरगॅसच्या टाकीत जे घडते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. हवा नसलेल्या बंद टाक्यांत जिवाणू कचरा कुजवितात. त्यातून निघालेला वायू शुद्ध करून वाहनांत भरला जातो. हाच कचरा उघड्या ढिगात कुजला तर त्यातील मिथेन वायू आकाशात जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते. म्हणजे येथे दुहेरी लाभ होतो : मिथेन अडतो आणि तेवढे खनिज इंधन वाचते.

मात्र हे यश एकट्या यंत्राचे नाही. प्रथम घराघरांतून ओला व सुका कचरा वेगळा होऊ लागला. महानगरपालिकेने जागा दिली आणि निम्मा वायू शहरबससेवेसाठी विकत घेण्याची हमी दिली. या पायावर खाजगी उद्योगाने सुमारे १५० कोटी रुपयांचे भांडवल घातले. नफ्याची अपेक्षा त्यात आहेच, आणि ती असण्यात गैर काही नाही. विशेष हे की, येथे नफा कचरा साचण्यातून मिळत नसून तो नाहीसा होण्यातून मिळतो. उत्तरदायी नेतृत्वाची ओळख हीच होय. कारखान्याच्या फाटकाशी चार रोपे लावून छायाचित्र काढणे आणि आत पूर्वीचाच कारभार चालू ठेवणे, याला उत्तरदायित्व म्हणता येणार नाही.

पाण्याच्या बाबतीतही इंदूरने असाच विचार केला. नर्मदेचे पाणी जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतरावर चढवून आणावे लागते व विजेचा खर्च अवाढव्य होतो. तो कमी व्हावा म्हणून ६० मेगावॅटच्या सौरप्रकल्पासाठी महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित कर्जरोखे काढून २४४ कोटी रुपये उभारले. दान न मागता व्याज देऊन हे भांडवल मिळाले, ही ध्यानात घेण्याजोगी बाब आहे.

कायद्यानेही काही पावले टाकली आहेत. कंपनी कायदा, २०१३ अन्वये ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. २०२२-२३ पासून शेअरबाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवालही सक्तीने द्यावा लागतो. परंतु दोन टक्क्यांच्या खर्चापेक्षा उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कोणत्या मार्गाने मिळविले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

उद्योजक म्हणजे केवळ मोठा भांडवलदार, असे महाराष्ट्रात तरी मानण्याचे कारण नाही. लोणी येथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आज अशा कारखान्यांचे लक्षावधी सभासद स्वतःच मालक आहेत. बगॅसपासून वीज होते, मळीपासून इथेनॉल होते, प्रेसमडपासूनही वायू होतो. तेव्हा वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबरच धूर, सांडपाणी व पाण्याचा वापर यांचा हिशेब मागण्याचा हक्क सभासदांना आहे. तो त्यांनी बजावला पाहिजे.

अधिकाऱ्यांनी परवाना देताना मागे काय उरणार हे आधी विचारावे. शिक्षकांनी शाळेतील एका दिवसाचा कचरा मुलांकडून वजन करवून घ्यावा. ताळेबंदाचा तो पहिला धडा ठरेल. आणि गृहिणींनी ओला कचरा वेगळा ठेवला नाही, तर दीडशे कोटींचे यंत्रही हतबल ठरते, हे इंदूरच्या अनुभवाचे सार आहे. ज्याने घेतले त्यानेच निस्तरावे, हा घरातला साधा नियम कारखान्याच्या कचेरीत पोहोचविणे, हेच आजचे कार्य होय.