चेंडू एक, कप वेगळा
(एकलहरे येथील महिला मेळाव्यातील भाषण)



क्रिकेटवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. क्रिकेट म्हणजे बाप्यांचा विषय! पण ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे, त्याच्या आयुष्यात आपल्या ओळखीचे बरेच काही आहे.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. समाज चांभार, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात ते मैदान झाडत, खेळपट्टीवर रोलर फिरवत. पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये मिळू लागले. तिथे साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. फलंदाजी साहेब करणार, बाळूंच्या हाती बॅट द्यायची नाही. त्या राबण्यातून त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली.

साहेबांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाला कळत होते. वाद झाला, शेवटी घेतले. मैदानात चेंडू सगळ्यांनी एकच हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र बाळू तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात! त्यांचे हात हवे होते, पंगत नको होती.

१९११ साली ते हिंदी संघाबरोबर इंग्लंडला गेले. दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली तर संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला. जिमखान्याला नमते घ्यावे लागले आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला.

मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षे बळी घेऊन जे मिळाले नाही, ते भावांनी मिळून 'नाही' म्हटल्यावर मिळाले.

बाळूंना देव्हाऱ्यात बसवायचे मला कारण नाही. आपल्या नाशिकला १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळूंना धर्मांतर पटले नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो रस्ता मला पटत नाही. पण म्हणून त्यांनी सोसलेले खोटे ठरत नाही.

आता आपल्याकडे बघा. कार्यक्रमाआधी सभागृह कोण झाडते? चहा कोण करते? आणि व्यासपीठावरच्या खुर्च्या कोणासाठी मांडलेल्या असतात? 'चांगले काम करत राहा, कोणीतरी दखल घेईल,' असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. काम चांगले करूच. पण एकीला वगळले की बाकीच्या उठून उभ्या राहतील का? घरी जाताना एवढा विचार सोबत घेऊन जा.