गॅरेजांतील तालीम आणि शेजाऱ्याची झोंप

संध्याकाळची वेळ आहे. मोटार अंगणांत उभी करून रिकाम्या केलेल्या गॅरेजांत कॉलेजांतील चार तरुण जमले आहेत. एकापाशीं गिटार आहे, दुसऱ्यापाशीं बेस गिटार. तिसरा गाणार आहे आणि चौथा ड्रमसेटमागें बसला आहे. पहिलें गाणें निम्म्यावर येतें न येतें तोंच शेजारचे वृद्ध गृहस्थ फाटकाशीं येऊन उभे राहतात. त्यांच्या पत्नी आजारी आहेत. आतां कोठें त्यांचा डोळा लागला होता. मुलें ओशाळतात, वाद्यें थांबतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रश्न उभा राहतो. तालमीवांचून वाद्यवृंद नाहीं, आणि झोंपेवांचून आजाऱ्याला आराम नाहीं. दोघांचीही मागणी रास्त आहे.

हा तंटा बेताच्या खर्चांत पुष्कळसा मिटूं शकतो. मात्र पैसा कोठें घालावा हें आधीं समजलें पाहिजे. नाहींतर पैसा संपतो आणि आवाज होता तसाच राहतो.

बहुतेक तरुण प्रथम अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे अगर स्पंजाचे तुकडे भिंतींना चिकटवितात. खोलींतला घुमारा किंचित् उतरला कीं त्यांना वाटतें, आवाज अडला. परंतु घुमारा शोषून घेणें आणि आवाज बाहेर जाऊं न देणें हीं दोन अगदीं निराळीं कामें आहेत. सन १८९५ मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें वॉलेस सेबाईन या तरुण अध्यापकाकडे एका नव्या व्याख्यानगृहाचें दुखणें सोंपविलें. तेथें उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. सेबाईन यांनीं रात्रींच्या शांततेंत दुसऱ्या सभागृहांतील आसनांच्या गाद्या आणून तेथें मांडल्या, आणि गाद्या वाढतील तसतसा घुमारा कसा कमी होतो हें मोजून दाखविलें. गादीचा गुण एवढाच. ती खोली सुधारते. शेजाऱ्याला वांचवीत नाहीं.

आवाज अडवावयाचा तर वजन हवें. आडोशाचें वजन दुप्पट केलें म्हणजे पलीकडे जाणारा आवाज स्थूलमानानें ५ ते ६ डेसिबलांनीं उतरतो. विटांच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब यांत हें वजन असतेंच. गॅरेजचें मर्मस्थान असतें तें पत्र्याचें शटर. त्याहूनही वाईट त्याच्या खालची फट. शटर ३ मीटर रुंद व अडीच मीटर उंच असेल आणि खालीं अडीच सेंटिमीटर मोकळे असतील, तर ती फट शटराच्या बरोबर शंभराव्या हिश्श्याएवढी होते. शटराच्या जागीं ५० डेसिबल अडविणारी भक्कम भिंत घातली, पण तेवढी फट राहूं दिली, तर सारी मिळून जेमतेम २० डेसिबल अडवील. पाणी जसें भोंकांतून गळतें, तसाच आवाज फटींतून गळतो.

म्हणून खर्चाचा क्रम असा असावा. प्रथम सर्व फटी, विजेच्या तारांचीं भोंकें व खिडकीच्या चौकटीभोंवतालच्या सांधी सिमेंटानें अगर लवचिक लांबीनें बुजवाव्या. त्यानंतर शटराचा विचार. मोटार कायमची बाहेर राहणार असेल, तर शटराच्या आंत विटांची भिंत बांधून तिला दोन्ही बाजूंनीं गिलावा करावा. तिच्यांत भरीव, जड दार बसवून कडांना व उंबरठ्याला रबराची पट्टी लावावी. घर भाड्याचें असेल, तर शटरापासून वीतभर आंत, त्याला न टेकणारी लांकडी चौकट उभारावी. तींत रॉकवूल भरून वर जिप्समचे दोन थर बसवावे. दोन पडद्यांमधली ती मोकळी जागाच अर्धें काम करते. छप्पर मात्र पत्र्याचें असेल, तर वरही तसेंच जड छत करावें लागतें आणि खर्च बराच वाढतो; तें आधींच पाहून घ्यावें.

ड्रमचे व बेसचे खर्जाचे स्वर सर्वांत हट्टी. ते जमिनींतूनही जातात. प्लायवुडच्या दोन तक्त्यांमध्यें टेनिसचे जुने चेंडू खोबणींत बसवून केलेल्या चौथऱ्यावर ड्रमसेट ठेवल्यास जमिनीला जाणारा धक्का बराच कमी होतो.

दोन ठिकाणीं काटकसर करूं नये. फटी बुजलेल्या खोलींत चार माणसांना हवा पुरत नाहीं. तेव्हां आंतून रॉकवूल लावलेली, दोन वळणांची हवेची वाट व लहान पंखा ठेवावाच. दुसरी गोष्ट आगीची. सन २००३ मध्यें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत एका संगीतगृहांत आवाज दाबण्यासाठीं लावलेल्या फोमला आतषबाजीची ठिणगी लागली आणि १०० माणसें प्राणांस मुकलीं. स्वस्त फोम भिंतीला लावूं नये. रॉकवूल जळत नाहीं. पेट्रोलचा डबा तेथें असूं नये, आणि बाहेर पडण्याची वाट सदैव मोकळी असावी.

इतकें केल्यावर काय साधतें? आंत १०० डेसिबलांचा कल्लोळ असला आणि आडोशानें ४५ अडविले, तर बाहेर ५५ उरतात. भारतांतील २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. म्हणजे बेताच्या खर्चांत दिवसाची तालीम साधते, रात्रीची साधत नाहीं. खर्जाचे स्वर तर या हिशेबालाही थोडा चकवा देतात.

यास्तव शेवटचें माप यंत्रानें न घेतां कानांनीं घ्यावें. आंत वाद्यें वाजत असतां एका तरुणानें शेजारच्या घरीं जावें, आजारी बाईंच्या खोलीबाहेर उभें राहून ऐकावें, आणि त्यांची निजण्याची वेळ विचारून घ्यावी. त्या वेळेपुरते ड्रम मुके ठेवले, तर भिंतीनें न अडविलेला आवाजही कोणाला खुपणार नाहीं.