गाठ दुखत नाही, म्हणूनच

(हर्सूल येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर पुढे बोलूच. आधी बायांच्या छातीतल्या गाठीबद्दल बोलतो. काही जण माना खाली घालतील. घाला, पण ऐका.

शेंदरी बोंडअळी आपण सगळ्यांनी भोगली आहे. बोंड वरून हिरवंगार, आत अळी सरकी खाते. स्तनाच्या कर्करोगाचंही तसंच. गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई म्हणते, वेचणी उरकू द्या. मग ज्वारीची काढणी येते, मग लेकीचं लग्न.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबून फोटो काढतात; थोडा वेळ दुखतं. हाताला न लागणारी गाठ, चुन्यासारखे बारीक ठिपके त्यात दिसतात. पण तरुण बाईचा स्तन दाट असतो. फोटोत तो पांढरा, गाठही पांढरी. मग काय दिसणार? तिथं सोनोग्राफी कामाला येते. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, ते कळतं. फोटो स्वच्छ आला तरी हाताला गाठ लागत असेल, तर डॉक्टरचा पिच्छा सोडू नका. शेवटचा निकाल सुईने तुकडा काढून तपासल्यावरच. बोंड फोडल्याशिवाय अळीची खात्री होते का? सुई टोचली की रोग पसरतो, ही पारावरची गप्पा आहे, खोटी.

मशीन गावात येईल तेव्हा येईल. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. २०२१ साली निकाल छापला. रोग लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तशी घट दिसली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बाईची अशी तपासणी ५ वर्षांतून एकदा व्हायची आहे. तुमच्या उपकेंद्रात होते का? होत नसेल तर चारचौघींनी मिळून जा आणि मागा. बियाण्यासाठी रांगा लावतोच ना आपण?

बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर आणणारे आपण. १९८६ साली चांदवडला बायांच्या अधिवेशनात टाळ्या वाजवणारेही आपणच.

आज घरी गेल्यावर विचारा. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, टोक आत ओढलेलं, त्यातून रक्त, यातलं काहीही असेल तर वेचणीला मजूर लावा. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे, हर्सूलहून रिक्षाने जाता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात; रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाका, आणि तिला एकटीला पाठवू नका.